दाएश: दीड हजार माणसांनी मोसुल घेतलं कसं, आणि मग टिकलं का नाही?

नकाशेवाला
सीरिया-इराकचा विषय निघाला की दाएश ऊर्फ आयसिसबद्दल दोनच उत्तरं येतात. एक, "अमेरिकेनेच काढली." दोन, "धर्मवेडे होते, दुसरं काय." दोन्हींतून हाती काही लागत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

१० जून २०१४ ला मोसुल पडलं. इराकमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, वस्ती पंधरा-वीस लाख. हल्लेखोर हजार-दीड हजाराच्या घरात. २९ जूनला त्यांनी खिलाफत जाहीर केली आणि ४ जुलैला अबू बक्र अल-बगदादी अल-नूरी मशिदीत खुतबा, म्हणजे प्रवचन, द्यायला उभा राहिला. भर उमेदीत ताब्यात लाखभर चौरस किलोमीटर मुलूख, म्हणजे आपला विदर्भ आणि वर थोडा, आणि माणसं ऐंशी लाख ते एक कोटी. २३ मार्च २०१९ ला युफ्रेटिसकाठच्या बागूझ नावाच्या खेड्यात, तंबूंच्या गर्दीत, शेवटचा तुकडाही गेला. पावणेपाच वर्षांत खेळ खलास.

माझं मत: समोरच्याच्या कारभारातल्या भोकांतून ते आत शिरले, आणि स्वतःचा कारभार थाटून बसले म्हणून मार खाल्ला. रणांगण दुय्यम. खोडून दाखवा, पण तारखा आणि आकडे घेऊन या.

ढोलीतलं घुबड
जागा पकडून ठेवतोय. चहा टाकलाय.

मोडीलिपी
आधी नावाचं मिटवू. 'दाएश' म्हणजे 'अद-दौला अल-इस्लामिया फिल-इराक वश-शाम' याची आद्याक्षरं. अरबीत असली लघुनावं फारशी रुळलेली नाहीत, आणि कानाला हे तुडवणाऱ्या-चिरडणाऱ्या शब्दासारखं लागतं. त्यामुळे विरोधकांनी ते मुद्दाम वापरलं. त्यांच्या मुलखात हा शब्द उच्चारणाऱ्याला शिक्षा होती. त्यांना फक्त 'अद-दौला', म्हणजे 'राज्य', म्हणवून घ्यायचं होतं.

अवांतर: 'सरकारची खिलाफत केली' असं लिहिणाऱ्यांनी कृपया थांबावं. विरोधाला 'मुखालफत' म्हणतात. खिलाफत म्हणजे खलिफाचं पद. ते अंकाराच्या संसदेने ३ मार्च १९२४ ला रद्द केलं, आणि आपल्याकडची खिलाफत चळवळ ते वाचवण्यासाठी होती, कुणाला विरोध म्हणून नव्हे.

ढोलीतलं घुबड
दुसऱ्याच प्रतिसादात शुद्धलेखन. विक्रम आहे.

कारकून क्र. ७
भोकांबद्दल नकाशेवाल्यांशी सहमत. त्यातलं सगळ्यात मोठं भोक हजेरीपटावर होतं.

इराकी सैन्यात ज्यांना 'फदाईयीन', म्हणजे अंतराळवीर, म्हणत ते हेच. नाव पटावर, माणूस घरी. पद्धत साधी: शिपायाने घरीच राहायचं, दुसरा धंदा करायचा आणि पगारातला मोठा वाटा वरच्या अधिकाऱ्याला द्यायचा. मेलेला किंवा पळालेला शिपाई पटावरून काढायचाच नाही, म्हणजे त्याचा पगार पूर्ण खिशात. रोजगार हमीचं बोगस मस्टर ज्यांना ठाऊक आहे त्यांना समजावून सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान हैदर अल-अबादींनी स्वतःच सांगितलं की चार डिव्हिजनमध्ये मिळून असे ५०,००० निघाले.

मोसुलमध्ये लष्कर आणि पोलीस मिळून कागदावर २५,००० होते. तिथल्या तेव्हाच्या सेनापतीचा नंतरचा दावा असा की प्रत्यक्षात फार तर १०,००० असतील. रणगाडे अन्बार प्रांताकडे वळवलेले, कारण फलुजा जानेवारीतच हातचं गेलं होतं. हल्ला ६ जूनला पश्चिमेच्या वस्त्यांवर सुरू झाला. ८ तारखेला मोसुल हॉटेलजवळच्या ठाण्यावर पाण्याच्या टँकरमधून आणलेला स्फोट झाला आणि पोलिसांची फळी फुटली. ९ च्या रात्री बगदादहून आलेले दोन वरिष्ठ सेनापती नदी ओलांडून पूर्वेकडे गेले. सेनापती गेला ही बातमी फोनवरून पसरायला किती वेळ लागतो? सकाळी रस्त्यावर गणवेश पडलेले होते.

उंबरठा
@कारकून: म्हणजे दाएशने शहर जिंकलं नाही, ते रिकामंच होतं?

कारकून क्र. ७
अर्धं रिकामं, अर्धं रुसलेलं. रुसलेलं का, ते दुर्बीण सांगतील. त्यांची टाइप करायची वेळ झालीच आहे.

दुर्बीण
आलोच. थोडं मागे जावं लागेल.

मे २००३. अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या हंगामी प्रशासनाचा पहिला हुकूम: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढा. आठवड्याभरात दुसरा: सैन्य बरखास्त. चार लाखांच्या आसपास माणसं, त्यातले कित्येक बंदूक चालवण्यात आणि माणसं सांभाळण्यात तरबेज, एका सहीने घरी. त्याच काळात जॉर्डनच्या झरका गावचा अबू मुसाब अल-झरकावी इराकमध्ये पाय रोवत होता. २००४ मध्ये त्याने बिन लादेनशी बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, केली. शियांच्या मशिदी आणि बाजार उडवायचे, म्हणजे ते सूड घेतील आणि घाबरलेले सुन्नी आपल्या पदराखाली येतील, हा त्याचा हिशेब. ७ जून २००६ ला बाकुबाजवळ तो हवाई हल्ल्यात मेला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या वारसांनी 'इराकचं इस्लामी राज्य' जाहीर केलं. तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही.

ते पहिलं 'राज्य' बुडवलं सुन्नी टोळ्यांनीच. अन्बारची 'सहवा', म्हणजे जागृती. अमेरिकेने महिना ३०० डॉलरच्या आसपास देऊन लाखभर माणसं उभी केली. जून २०१० मध्ये अमेरिकी सेनापती ओडिएर्नो सांगत होते की संघटनेच्या ४२ म्होरक्यांपैकी ३४ मेले किंवा पकडले गेले. म्हणजे संपलेलीच होती.

पुढची चूक बगदादची. सहवातल्या २० टक्क्यांना सुरक्षा दलांत घेऊ आणि बाकीच्यांना मुलकी नोकऱ्या देऊ, असं ठरलं होतं. तेव्हाचे पंतप्रधान नूरी अल-मालिकींच्या सरकारने ते रेंगाळवलं, पगार थकवले, काहींना अटक केली. सहवाचा माणूस दोन्हीकडून उघडा पडला: सरकार विचारत नाही आणि जुने शत्रू यादी घेऊन फिरताहेत. एप्रिल २०१३ मध्ये हवीजाच्या आंदोलनावर गोळीबार झाला, डिसेंबरअखेर रमादीचा तंबू उखडला, आणि लगेच फलुजा गेलं. मोसुलला सहा महिने बाकी होते.

सुपारीचं खांड
तुरुंगांचा मुद्दा राहिला. बगदादी २००४ मध्ये कॅम्प बुक्कात होता. तिथे धर्मवेडे आणि बाथचे माजी अधिकारी एकाच तारेच्या कुंपणात ठेवलेले, शिक्का अमेरिकी सरकारचा. पुढे जुलै २०१२ ते जुलै २०१३ अशी वर्षभराची 'भिंती पाडा' मोहीम त्यांनी काढली आणि शेवटी अबू गरैबमधून ५०० च्या वर कैदी सोडवले. नव्या भरतीपेक्षा हे स्वस्त पडतं, माणूस आधीच शिकलेला असतो.

चिंचपेटी
हाजी बक्र राहिला. सद्दामच्या हवाई संरक्षण दलाच्या गुप्तचर खात्यातला कर्नल. जानेवारी २०१४ मध्ये सीरियातल्या तल रिफातमध्ये मारला गेला आणि घरात हाताने काढलेले तक्ते सापडले. गाव घ्यायची पद्धत पायरीपायरीने: आधी धर्मप्रसाराचं कार्यालय उघडा. व्याख्यानाला येणाऱ्यांतून एक-दोन पोरं निवडा. त्यांच्याकडून यादी करून घ्या: गावात वजनदार घराणी कोणती, कमाई कशातून, इमाम कुणाच्या बाजूचा, कुणाचं कुठलं लफडं दाबून ठेवता येईल. बळकट घराण्यांत सोयरीक करा. बंदूक सगळ्यात शेवटी. गाव पडायच्या आधीच विकलं गेलेलं असायचं.

मोडीलिपी
तक्त्यांमध्ये धर्म जवळजवळ नाहीच, हे लक्षात घ्या. नुसती हेरगिरीची रचना.

उंबरठा
इथे मी अडते. तुम्ही सगळे मिळून ही गोष्ट 'बेकार झालेल्या अधिकाऱ्यांचं बंड' करून टाकताय. मग ३ ऑगस्ट २०१४ चं सिंजार कुठे बसवाल? पेशमर्गा, म्हणजे इराकी कुर्दांचे सैनिक, रात्रीत निघून गेले. तिथले अल्पसंख्याक यझिदी उघडे पडले. हजारो लोक पाण्यावाचून डोंगरावर अडकले. १५ ऑगस्टला कोचो गावातल्या पुरुषांना शाळेत गोळा करून बाहेर नेऊन मारलं. ६,००० हून जास्त बायका आणि मुलं पळवली. २०१८ चं शांततेचं नोबेल ज्यांना मिळालं त्या नादिया मुराद याच गावच्या. यात पैशाचा किंवा लष्कराचा कुठला हिशेब होता? ही माणसं धर्माच्या नावाने गुलाम केली, आणि तसं त्यांनी आपल्या मासिकात छापून मिरवलं.

कारकून क्र. ७
उंबरठा, मुद्दा मान्य. फक्त एक जोडतो: तेही त्यांनी कारभारासारखंच केलं. बायकांची नोंद, वय, विक्रीचा करार, वर शरिया न्यायालयाचा शिक्का. मालक मेला तर ती कुणाकडे जाणार याचे नियम. धर्माने परवानगी दिली आणि कचेरीने तिची रांग लावली. म्हणून 'वेडे होते' हे उत्तर मला पटत नाही. वेड्याकडे पावतीपुस्तक नसतं.

उंबरठा
हे मान्य. पण मग पहिल्या पोस्टमध्ये हे नसणं खटकतं.

नकाशेवाला
खटकायलाच हवं. माझी चूक.

गावगाडा
पैशावर कुणी बोललंच नाही, म्हणून थोडं सविस्तर.

लोकांच्या डोक्यात तेल असतं. तेल होतंच: देर अझ-झोरकडची अल-ओमर आणि तनक ही क्षेत्रं, मोसुलखालचं कय्यारा. २०१५ च्या शरदात अंदाज दिवसाला ३४ ते ४० हजार पिंपांचा, कमाई दिवसाला १५ लाख डॉलर. विक्री विहिरीच्या तोंडाशीच. टँकरवाल्यांच्या किलोमीटर-किलोमीटर रांगा, आधी पैसे, मग माल. पुढे ते कुठे न्यायचं ते व्यापाऱ्याने बघायचं. भाव प्रतीप्रमाणे पिंपाला २० पासून ४५ डॉलरपर्यंत, अल-ओमरचं सगळ्यात महाग, कय्याराचं जड आणि स्वस्त. गिऱ्हाईक कोण? बंडखोरांच्या ताब्यातली गावं, दलाल, आणि दलालांमार्फत खुद्द दमास्कस. शत्रूलाही डिझेल लागतंच.

पण खरा टिकाऊ पैसा वसुलीचा. जकात अडीच टक्के. शेतीवर उश्र: पावसाच्या पिकावर दहा टक्के, पाणी देऊन पिकवलेल्यावर पाच. (आपल्या सरदेशमुखीचाही दर दहाच, जुन्या वसुलीवाल्यांची बोटं सारखीच मोजतात.) शिवाय मालट्रकवर रस्त्याचा कर, दुकानाला सफाई पट्टी, वीज-पाणी बिल, सिगारेट सापडली तर दंड. आणि सगळ्यात मासलेवाईक बाब: मोसुल हातचं गेल्यावरही बगदाद तिथल्या सरकारी नोकरांचे पगार २०१५ च्या मध्यापर्यंत देत राहिलं. शिक्षक, डॉक्टर किर्कुकला जाऊन पगार उचलत, परत आले की दाएश त्यातून निम्म्यापर्यंत कापून घेई. सरकार आपल्याच शत्रूचा पगारपत्रक-विभाग चालवत होतं.

खर्चाची बाजू: लढवय्याला महिना ५० डॉलर, प्रत्येक बायकोमागे ५०, मुलामागे ३५. शिवाय शहीद आणि कैद्यांच्या घरांना भत्ता.

ढोलीतलं घुबड
बायकोचा भत्ता नवऱ्याच्या पगाराएवढा. यावर घरात चर्चा नको.

गावगाडा
घुबडा, २०१६ च्या सुरुवातीला त्यांच्या सीरियातल्या राजधानीचं, रक्काचं, पत्रक बाहेर आलं: सगळ्यांचे पगार निम्मे, पदाचा विचार न करता. तिथून उतरण मोजावी असं मला वाटतं. कारणं दोन. ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेने विहिरींबरोबर टँकरही लक्ष्य केले. नोव्हेंबरात अबू कमालजवळ ११६ टँकर एका फटक्यात, ४५ मिनिटं आधी पत्रकं टाकली, "गाड्या सोडून पळा." आणि जानेवारी २०१६ मध्ये मोसुलमधलं रोकड ठेवलेलं घर उडवलं. नोटांना आग लागते, हा रोखीच्या राज्याचा दोष.

सोन्याच्या दिनाराचा गाजावाजा आठवतोय? ४.२५ ग्रॅम, २१ कॅरट. पगार मात्र शेवटपर्यंत डॉलरमध्ये मोजले. 'काफिरांचं' चलन.

नकाशेवाला
हेच माझं म्हणणं. राज्य म्हटलं की तिजोरी आली, विहीर आली, कचेरी आली. या सगळ्याला पत्ता असतो. गनिमाला पत्ता नसतो. शिवकालापासून आपल्याला हे पाठ आहे.

दुर्बीण
शिवकालात गड होते हो, आणि गडाला पत्ताच असतो! उपमा जपून.

पण लष्करी बाजू दुय्यम म्हणालात, तिथे विरोध. कोबानी बघा. सप्टेंबर २०१४ ते जानेवारी २०१५. तुर्की सीमेवरच्या एका सीरियन गावासाठी त्यांनी चार महिने माणसं ओतली, कारण 'खिलाफत मागे हटत नाही' हे जगाला दाखवायचं होतं. वरून विमानं, खाली कुर्द. हजारभर तरी गमावले. मग रस्ते तुटत गेले: जून २०१५ मध्ये तल अब्यद, म्हणजे तुर्कस्तानातून थेट रक्काकडे उतरणारं दार बंद. नोव्हेंबरात सिंजार, म्हणजे मोसुल-रक्का महामार्ग ४७ कापला. ऑगस्ट २०१६ मध्ये मनबिज आणि जराब्लुस, म्हणजे तुर्की सीमेचा उरलासुरला पट्टाही जायच्या बेतात. चाळीसेक हजार परदेशी लढवय्ये ज्या वाटेने आले ती वाट बंद झाली की भरती आटली. हे तुमच्या कारकुनी सिद्धांताने झालं नाही.

मोडीलिपी
आणि दाबिक. सीरियातलं छोटं गाव, पण हदीसमध्ये तिथे रोमनांशी अखेरची लढाई होणार असं येतं. मासिकाला नाव त्याचंच. ऑक्टोबर २०१६ मध्ये तुर्कांच्या पाठिंब्यावर आलेल्या बंडखोरांनी ते फारशी झुंज न होता घेतलं. त्याच्या आधीच मासिकाचं नाव बदलून 'रूमिया', म्हणजे रोम, झालं होतं. भविष्य बदलता येत नसेल तर पाटी बदलावी.

चिंचपेटी
+१. धागा वसूल.

सुपारीचं खांड
मोसुल परत घ्यायला १७ ऑक्टोबर २०१६ ते १० जुलै २०१७, नऊ महिन्यांना आठवडाभर कमी, आणि किंमत काय? पूर्वेकडे रुंद रस्ते, नव्या वसाहती. इराकी कमांडोंची 'सोनेरी डिव्हिजन' तिथून घुसली आणि तरी तिची मोठी हानी झाली, कारण जागोजागी पत्रे ठोकलेल्या स्फोटक गाड्या गल्लीतून यायच्या. नदीवरचे पाचही पूल विमानांनी तोडले ते त्या गाड्यांची ये-जा थांबवायला. पश्चिमेचं जुनं शहर म्हणजे हातगाडी जेमतेम जाईल असे बोळ. लोकांना घरात कोंडून वर बंदूकधारी. १७ मार्च २०१७ ला अल-जदीदात दोन बंदूकधाऱ्यांवर टाकलेल्या बाँबने घर कोसळलं आणि शंभरावर सामान्य माणसं गेली. अमेरिकेने ते कबूल केलं. संपूर्ण लढाईत नऊ ते अकरा हजार नागरिक मेल्याची मोजणी आहे. रक्काही असंच, ऑक्टोबर २०१७ पर्यंत शहराचा मोठा भाग राहण्याजोगा उरला नव्हता. 'पत्ता होता म्हणून हरले' म्हणताना त्याच पत्त्यावर दुसरं कोण राहत होतं तेही लिहा.

ढोलीतलं घुबड
यावर विनोद नाही.

उंबरठा
आपल्याकडचे धागेही नोंदवू. मोसुल पडलं तेव्हा तिथे बांधकामावरचे ४० भारतीय कामगार पळवले गेले, बहुतेक पंजाबचे. एक निसटला. बाकी ३९ जिवंत आहेत की नाहीत यावर चार वर्षं घोळ चालला. बदूशजवळच्या टेकडीवर पुरलेले देह सापडले, डीएनए जुळवला आणि २० मार्च २०१८ ला सुषमा स्वराजांनी राज्यसभेत मृत्यू जाहीर केला. मे २०१४ मध्ये यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेलेले कल्याणचे चार तरुणही याच गोष्टीतले. त्यातला एक नोव्हेंबरात परतला आणि एनआयएच्या ताब्यात गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये हजारावर भारतीय उलेमांच्या सहीचा दाएशविरोधी फतवा संयुक्त राष्ट्रांकडे गेला, तो मुंबईतून.

गावगाडा
भारताच्या लोकसंख्येच्या मानाने इथून गेलेले मूठभरच. त्याचं कारण वेगळ्या धाग्यात, नाहीतर इथे निवडणूक सुरू होईल.

चिंचपेटी
एक गंमत कुणी लिहिली नाही. एप्रिल २०१३ मध्ये बगदादीने परस्पर जाहीर केलं की सीरियातली नुस्रा आघाडी, म्हणजे अल-कायदाची तिथली शाखा, आमच्यात विलीन. तिचा म्होरक्या जोलानी म्हणाला, नाही. तिथून फूट पडली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अल-कायदानेच दाएशशी संबंध तोडला. बगदादी २०१९ च्या ऑक्टोबरात इदलिबमधल्या बारीशाच्या भुयारात मेला. जोलानी आता अहमद अल-शरा या नावाने दमास्कसला अध्यक्ष आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सीरिया दाएशविरोधी आघाडीत सामील झाला.

मोडीलिपी
याला 'गंमत' म्हणणारे तुम्हीच.

दुर्बीण
मूळ प्रश्नाकडे येऊ. खिलाफत 'पडली' म्हणताना बागूझपाशी थांबायचं का? जानेवारी २०२२ मध्ये सीरियातल्या हसाकाच्या तुरुंगावर त्यांनी आठवडाभर लढाई केली. अफगाणिस्तानातल्या खोरासान शाखेने २०२१ मध्ये काबूल विमानतळावर आणि मार्च २०२४ मध्ये मॉस्कोच्या सभागृहात हल्ले केले. राज्य गेलं, टोळी राहिली. नकाशेवाल्यांचा सिद्धांत धरला तर आता त्यांना पत्ता नाही, म्हणजे जास्त अवघड.

नकाशेवाला
मान्य. पण पत्ता नसला की वसुली नाही, पगार नाही, जगभरातून कुटुंबकबिला घेऊन येणारी माणसं नाहीत. रणांगण दुय्यम म्हणालो ते मागे घेतो: रस्ते तुटले नसते तर पगारही निम्मे झाले नसते. दोन्ही एकाच दोरीचे पीळ आहेत. बाकी वाक्य ठेवतो.

कारकून क्र. ७
कारभाराचा प्रश्न होता म्हणून एक शिल्लक बाब. त्यांच्या कचेऱ्यांनी तीन वर्षं जन्म-विवाहाचे दाखले दिले: काळा शिक्का, छापील नमुना, अनुक्रमांक. इराक सरकार त्यातला एकही मानत नाही. म्हणजे २०१५ मध्ये मोसुलमध्ये जन्मलेलं मूल कागदोपत्री जन्मलेलंच नाही. नवा दाखला हवा तर आई-बापाचं लग्न आधी न्यायालयात पुन्हा सिद्ध करायचं, साक्षीदार आणायचे, आणि गुप्तचर खात्याची मंजुरी घ्यायची. बाप दाएशमध्ये गेल्याचा संशय असेल तर आईला न्यायाधीशासमोर 'तबरिया' करावी लागते, म्हणजे नवऱ्याशी संबंध नाकारून त्याच्याविरुद्ध नोंद. ती केली की सासरचे उठतात, नाही केली की मुलाला शाळा नाही, रेशन नाही. ती मुलं आता दहा-अकरा वर्षांची आहेत.